सापडल्यानंतर

“आणि माणूस सापडलं, की मग?”

मुलाणी सरांनी हे इतक्या साधेपणानं विचारलं, की केतकीला वाटलं, सरांचं लक्षच नव्हतं.

“तेच तर सांगत होते सर इतका वेळ. माणूस सापडलं की गाडी त्या जागेची खूण बाहेर पाठवते. किती आत, कोणत्या बाजूला, सगळं. इथं, माझ्या मोबाइलवर दिसतं.”

“ते कळलं. मग?”

“मग परत येते.”

“परत येते…” सर म्हणाले.

बोरजाईच्या हायस्कुलात सरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते टेकडीवरच्या दर्ग्यालगतच्या दोन खोल्यांत राहायला आले. दर्ग्याची सेवा त्यांच्या घराण्यात पूर्वापार चालत आलेली. सकाळी झाडलोट करायची, लोबान फिरवायचा, मग दिवसभर लिंबाखाली बसायचं. कुणी बिघडलेला रेडिओ घेऊन यायचं, कुणी बिघडलेला पोरगा. सर दोन्ही उघडून बघतात, असं गावात गमतीनं म्हणत.

केतकी दाभाडे त्यांची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी. तारेला तार जोडायला ती याच लिंबाखाली शिकली. आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि दोन वर्षं खपून तिनं ही गाडी केली होती. मांजराएवढी. रणगाड्यासारख्या रबरी पट्ट्यांवर चालणारी. डोक्यावर एक जुना मोबाइल बसवलेला, तो गाडीचा डोळा. शेजारी दिवा, आणि अंगाची ऊब ओळखणारं छोटं यंत्र. मागं एक बारीक वायर उलगडत जायची, कारण ढिगाऱ्याखाली रेंज मिळत नाही. वायरीचं दुसरं टोक बाहेरच्या डब्याला, आणि त्या डब्यामार्फत केतकीच्या हातातला मोबाइल गाडीला हाकायचा.

भूकंप होवो, इमारत पडो, जिथं माणूस शिरू शकत नाही तिथं ही गाडी शिरणार होती. पुण्याच्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं. आता दिल्लीला जायचं होतं.

त्याआधी सरांना दाखवावी म्हणून ती आली होती. खरं म्हणजे, सरांच्या तोंडून एक ‘शाब्बास’ ऐकायला आली होती.

गाडी दर्ग्याच्या पायऱ्या चढली. विटांच्या ढिगावरून गेली. सरांच्या खाटेखाली शिरून त्यांच्या चपला शोधून आली. सरांनी सगळं बघितलं, नुकतं उभं राहिलेलं वासरू बघावं तसं, कौतुकानं. आणि मग तो प्रश्न विचारला.

“परत येते ती कशी? मागं मागं सरकत, का वळून?” थोड्या वेळानं सर म्हणाले.

“वळून. डोळा पुढं आहे ना तिला.”

“म्हणजे पाठ करून.”

केतकी हसली. “गाडीला कुठली पाठ, सर?”

“आणि तो डोक्यावरचा मोबाइल बोलतो का?”

“बोलू शकतो. पण आवाज बंद ठेवलाय मी. बॅटरी खातो. आणि बोलायचंय कुणाला? शोधायला पाठवलीय तिला. एक सापडला की दुसरा शोधायचा. शंभर माणसं गाडली गेली असली तर…”

ती बोलत होती आणि सर उठले. तिच्याकडं पाठ करून चालू लागले. लिंबाला वळसा घालून विहिरीकडं गेले, तिथून दिसेनासे झाले.

केतकीचं वाक्य अर्धंच राहिलं.

तिला वाटलं, पाणी आणायला गेले असतील. ती थांबली. वारा सुटला, लिंबाची पानं गाडीवर पडली. तिनं ती झटकली. अजून थांबली. आपण काही वावगं बोललो का, हे आठवून बघितलं. मग तिला राग यायला लागला.

सर आले ते रिकाम्या हातानं. आपल्या जागी बसले.

“सर, मी बोलत होते.”

“हो.”

“मग मधेच उठून गेलात ते?”

“तू कुठं बसली आहेस ते मला कळलं होतं,” सर म्हणाले. “म्हणून गेलो.”

…

केतकीच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर ती जास्तच चिडली.

“सर, हे असं चालत नाही. एक गाडी, एक बॅटरी. तिथंच बसून राहिली तर बाकीच्यांनी काय करायचं? खणायला माणसं असतात. गाडीचं काम शोधायचं. भावनेवर गाडी चालत नाही.”

“बरोबर आहे,” सर म्हणाले.

त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

“मग कमी काय आहे ते सांगा ना सरळ.”

“मला कुठं गाडी करता येते?”

शाब्बासकी मिळाली नाही ती नाहीच. केतकीनं गाडी पिशवीत घातली आणि पाया न पडताच टेकडी उतरली. उतरताना तिच्या मनात आलं, सर म्हातारे झाले. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पण ती मागं फिरली नाही.

पुढच्या दोन दिवसांत तिनं बॅटरीची अजून थोडी काटकसर केली. आवाज बंदच ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गाडी दिल्लीसाठी खोक्यात भरत होती. तेवढ्यात जमीन हादरल्यासारखा आवाज झाला. पाठोपाठ गावावर पांढुरकी धूळ चढली.

यंत्रमागांच्या पेठेतलं सुताचं गोदाम बसलं होतं. जुनी इमारत. वरच्या मजल्यावर सुताच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. भार सोसला नाही आणि वरचा मजला खाली आला. जेवणाची सुट्टी असल्यामुळं बहुतेक सगळे बाहेर होते. दोघांचा मात्र पत्ता नव्हता. सुताच्या कांड्या भरणारी हौसाबाई सुतार, आणि राखणदार बापू माने.

केतकीनं खोक्यातून गाडी उचलली आणि पळत सुटली.

शेजारच्या गावात सरावासाठी आलेलं जिल्ह्याचं बचाव पथक थोड्याच वेळात येऊन पोचलं. त्याचे प्रमुख रणवरे ढिगाऱ्याभोवती फिरत होते. भिंतीला खालच्या अंगाला एक भगदाड होतं, पण त्यातून माणसाचं डोकंही शिरलं नसतं. यंत्र लावून वरून उपसावं, तर खाली कोण कुठं आहे ते माहीत नाही.

“साहेब, ही आत जाईल,” केतकी म्हणाली.

रणवऱ्यांनी गाडीकडं बघितलं, मग तिच्याकडं. “खेळणं आहे का हे?”

“नाही.”

तिच्या आवाजात काहीतरी असावं. ते बाजूला झाले.

गाडी आत गेली. मोबाइलच्या पडद्यावर अंधार, धूळ, फुटलेल्या विटा. मग सूतच सूत. गाठी फुटून सगळीकडं पांढऱ्या धाग्यांचं रान माजलं होतं. पट्ट्यांत धागे अडकतील, ही धास्ती केतकीला होती. ती जपून, इंच इंच पुढं घेत होती. एकदा गाडी तिरकी झाली, सावरली. एका तुळईखालून सरपटत गेली.

आणि पडद्यावर तांबूस ठिपका उमटला. ऊब.

दिव्याच्या उजेडात आधी एक पाय दिसला. मग हिरवं लुगडं. मग एक चेहरा, पिठात बुडवल्यासारखा पांढरा. डोळे उघडे.

“जिवंत आहे,” केतकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

रणवरे वाकून पडदा बघत होते. त्यांनी खूण नीट पाहून घेतली, आपल्या माणसांना जागा दाखवली. मग तिच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास पोरी. काम झालं. आता मागं घे. पलीकडून घालू, बापूला शोधू.”

बॅटरी मोजूनमापून ठेवलेली. आत्ता निघालं तर बाहेर येऊन आणखी एक फेरी झाली असती.

केतकीनं ‘परत’वर बोट ठेवलं.

गाडी वळायला लागली. उजेड हौसाबाईच्या तोंडावरून सरकला, खांद्यावर आला, भिंतीकडं निघाला… आणि त्या सरकत्या उजेडात एक हात वर आला. पाचही बोटं उघडी. उजेडाला धरायला बघावं, तसा.

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आवाज कसा असेल? तो तिनंच बंद केला होता.

केतकीनं बोट उचललं. गाडी थांबली. तिनं गाडी पुन्हा वळवली, उजेड त्या चेहऱ्यावर नेऊन ठेवला आणि आवाज सुरू केला.

“…जाऊ नगं. ए बाई, जाऊ नगं.”

“अगं, काय करतेस?” रणवरे म्हणाले. “अजून एक माणूस आहे आत.”

तेही खोटं नव्हतं. दोन वर्षांत तिनं सगळ्या अडचणींचा विचार केला होता. ही त्यांत नव्हती.

“एक मिनिट द्या साहेब.” ती मोबाइल तोंडाशी धरून म्हणाली, “मावशी, मी नाही जात. ऐकू येतंय का?”

“कोन हाय?”

“केतकी. दाभाड्यांची.”

“आत कशी आलीस गं तू?”

“आले,” ती म्हणाली. “मावशी, बापू कुठं होते? तुमच्याजवळ होते का?”

“बापू न्हाई आत. त्यो सायकल घिऊन गेला… चाक बसलं हुतं त्येचं. त्यो गेला आन् मग वरनं आलं समदं.”

रणवऱ्यांनी लगेच माणूस पिटाळला. एसटी स्टँडजवळच्या पंक्चरच्या दुकानात बापू माने बाकावर डोळे मिटून बसला होता. सायकलचं चाक अजून पाण्याच्या घमेल्यात. धडाका त्यानंही ऐकला होता; गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत सुरुंग उडाला असेल, म्हणून तो तसाच बसून राहिला होता.

ही बातमी आली तेव्हा रणवऱ्यांनी डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं, बाहीनं कपाळ पुसलं आणि जमिनीवर बसकण मारली. क्षणभरच. मग उठून म्हणाले, “आता सगळे एका जागी लागा.” केतकीकडं वळून हळूच म्हणाले, “तू बोलत राहा तिच्याशी.”

खणणं सुरू झालं. ते काम वेळखाऊ. एक वीट काढायची, एक टेकू द्यायचा. एकदा डावीकडच्या भिंतीवर पहार बसली, तशी हौसाबाई कळवळली. “माती पडतीया तोंडावर.” केतकीनं हात वर केला, सगळे थांबले, आणि मग दुसऱ्या अंगानं सुरुवात झाली.

मधल्या वेळात त्या दोघी बोलत होत्या.

काय बोलावं ते आधी केतकीला कळत नव्हतं. घाबरू नका, असं तिनं पुष्कळदा सांगून बघितलं. त्यानं काही होत नव्हतं. मग तिनं विचारलं, “मावशी, आज डब्यात काय आणलं होतं?”

“शेंगुळी.”

“मला नाही येत करता.”

“दाभाड्यांच्या पोरीला शेंगुळी येईनात?” आतून आलेल्या आवाजात पहिल्यांदाच जरा जीव आला. “आईनं शिकीवलं न्हाई व्हय? कुळदाचं पीठ घ्येतीस न्हवं, त्यात लसूण वाटून घालायचा… पानी बेतानं. घट्ट मळायचं. सैल झालं की इरघळतंय.”

“मग?”

“मग वळायचं. बोटाएवडं.”

पडद्याच्या कोपऱ्यातली बॅटरी उतरत होती. केतकीनं आधी ऊब ओळखणारं यंत्र बंद केलं. त्याचं काम झालं होतं. मग चित्र बंद केलं. आता तिला आतलं काही दिसत नव्हतं. दिवा आणि आवाज, एवढंच तिनं चालू ठेवलं. गाडीला परत आणण्याएवढी ताकद केव्हाच संपली होती, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“पोरी, हायस न्हवं?”

“आहे मावशी. वळून झाली. आता?”

“आता आधण…”

तेवढ्यात आत काहीतरी घसरल्याचा मोठा आवाज झाला. पहारीवाले मागं सरले. भगदाडातून धुळीचा लोट बाहेर आला आणि केतकीच्या हातातला मोबाइल मुका झाला.

“मावशी?”

…

“मावशी.”

ती त्या मुक्या मोबाइलला हाका मारत राहिली. कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला. दोन वर्षांची मेहनत, बक्षीस, दिल्ली, काही म्हणता काही तिच्या मनात नव्हतं. आधणाच्या पुढं काय, एवढंच तिला ऐकायचं होतं.

मग खड्ड्यातून एका जवानाचा आवाज आला. “साहेब, हाताला हात लागला. पकड आहे. चांगली घट्ट पकड आहे.”

रणवरे स्वतः खाली उतरले.

ऊन कलतं झालं होतं तेव्हा हौसाबाईला बाहेर काढलं. अंगभर पांढरं सूत चिकटलेलं, एक पाय मोडलेला, पण शुद्धीवर. घसरली होती ती तुळई. ती हौसाबाईच्या पायाशी उभ्या असलेल्या गाडीवर पडली होती. स्ट्रेचर लोकांच्या डोक्यांवरून पुढं गेलं, रुग्णवाहिकेचं दार लागलं. केतकी तिथंच विटांवर बसली आणि पोटभर रडली. रडता रडता तिला हसू येत होतं. छातीवरचा दगड उतरावा तसा श्वास आत जात होता.

“तुझी गाडी उद्या काढून देतो,” रणवरे म्हणाले. “चेंदामेंदा झाला असेल पण.”

गाडी आत राहिली आहे, हे तिला तेव्हा आठवलं.

“असू दे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाणी सर टेकडी उतरून तिच्या दारात आले. आत आले नाहीत. “चल, बघून येऊ,” एवढंच म्हणाले.

इस्पितळापर्यंत दोघं चालत गेले. वाटेत चार लोकांनी केतकीला थांबवून वाहवा केली. एकानं फोटो काढला. सर प्रत्येक वेळी थोडं पुढं जाऊन उभे राहत.

“सर,” शेवटी ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही नीट समजावून सांगितलं असतं तर मी तेव्हाच…”

“काय सांगितलं असतं?”

ती विचार करत चालली. इस्पितळ आलं तरी तिला ते सांगता आलं नाही.

हौसाबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. पायाला प्लास्टर. केस अजून पांढरट. सून उशाशी उभी राहून वाटीतली पेज भरवत होती आणि हौसाबाई घास गिळायचं सोडून तिच्याशी तंडत होत्या.

“आत्याबाई, किती वेळा सांगू? यंत्र होतं ते. मोबाइलवर चालणारं. केतकी बाहेरून बोलत होती.”

“यंतर शेंगुळीचं इचारतंय व्हय? मला खुळी समजू नगं. दाभाड्यांची पोरगी हुती. माझ्या पायापाशी बसली हुती दिवा घिऊन. जाते जाते म्हनली आन् माझ्याकडं बघून माघारी फिरली. म्या बघितलं न्हवं माझ्या डोळ्यांनी.”

सर खाटेजवळ गेले. केतकी त्यांच्या मागं, दाराच्या आडोशाला उभी राहिली. आत शिरल्याबरोबर सांगायचं म्हणून तिनं एक वाक्य तयार ठेवलं होतं. ‘मावशी, ती मीच.’ आता तिचे पाय पुढं होईनात.

हौसाबाईंनी सरांना ओळखलं. पदर सावरला. हात जोडले. मग एकाएकी त्यांचे डोळे भरून आले.

“गुरुजी, ही समदी मला गप कराया बघत्यात. तुमी खोटं बोलायचं न्हाई. त्यांनी आदी मला काडलं. ती पोरगी मागंच ऱ्हायली हुती, आन् तुळई तिच्याच अंगाव पडली. रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या.” त्यांनी सरांचा हात धरला. “ती पोरगी निगाली का वो भाईर?”

सून काही बोलणार होती. सरांनी तिच्याकडं नुसतं बघितलं, ती थांबली.

केतकीनं दाराची चौकट धरली होती.

सर वळले. केतकीकडं त्यांनी बराच वेळ बघितलं…

मग हौसाबाईंचा हात थोपटत ते म्हणाले, “निघाली, हौसाबाई. आत्ताच निघाली.”